हुजुरातीची पागा

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा रस्ता कात्रजचा घाट उतरून शिवगंगेच्या खोऱ्यात आला, की खेड-शिवापूर मागे पडते आणि कापूरहोळ येण्याच्या आधी वाटेत शिवरे हे गाव लागते. वायव्येस सिंहगड, पूर्वेच्या बाजूस पुरंदर, आणि नसरापुरावरून पश्चिमेकडे वळून वेल्ह्याच्या वाटेस लागले की गुंजवणीच्या काठाने पुढे राजगड आणि तोरणा, अशी या मुलखाची बसकण आहे. आणि शिवाजीमहाराजांच्या राज्याचा कारभार दोन दशकांहून अधिक काळ राजगडावरून चालत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या खोऱ्यातील वाटांवरून त्या काळी किती जासूद, किती कारकून आणि किती स्वार येत-जात असतील याची कल्पना करता येते. गडांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच झाले. परंतु गडाचा दगड जागचा हलत नाही. ज्या राज्याचा दरारा उत्तरेस सुरतेपर्यंत आणि दक्षिणेस जिंजीपर्यंत जाऊन पोहोचला, ते राज्य चालले ते घोड्याच्या पायांवर, आणि त्या घोड्याची कथा मात्र आपण फार थोडी सांगितली आहे. त्यातही जे अश्वदळ कोणा सरदाराचे नव्हते, साक्षात धन्याचे होते, ज्याला पुढे हुजुरात असे नाव पडले, त्याचा इतिहास हा एका दृष्टीने मराठी राज्याच्या बलाबलाचाच इतिहास आहे.

राजाच्या प्रत्यक्ष सेवेतील घोडदळ ही संस्था जगात सर्वत्र आढळते. लंडनच्या राजवाड्यासमोर आजही लाल आणि निळे अंगरखे घातलेले, चकाकत्या उरस्त्राणांचे जे स्वार पहाऱ्यावर दिसतात, त्यांच्या पलटणी याच जातीच्या. त्यांचा जन्म आपल्या इतिहासाशी विलक्षण समकालीन आहे. वनवासातील दुसऱ्या चार्ल्स राजाभोवती जमलेल्या निष्ठावंत कुलीन तरुणांमधून ‘लाइफ गार्ड्स’ हे शरीररक्षक दळ उभे राहिले, आणि तो राजा १६६० साली आपल्या सिंहासनावर परत आला. त्याच वर्षी इकडे शाएस्तेखान पुण्यास तळ देऊन बसला होता आणि महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले होते. ‘रॉयल हॉर्स गार्ड्स’ ही निळ्या गणवेशाची पलटण १६६१ मधली. तिची मुळे क्रॉमवेलच्या पक्षाने १६५० साली उभारलेल्या एका रिसाल्यात आहेत, म्हणजे राजाचा शिरच्छेद करणाऱ्यांचीच फौज पुढे राजाच्या रक्षणास ठेवली गेली. तिसरे घोडपथक आफ्रिकेतील तांजिअर बंदराच्या बंदोबस्तासाठी १६६१ साली उभारले. आणि हे तांजिअर इंग्रज राजाला पोर्तुगीज राजकन्येच्या ज्या आंदणात मिळाले, त्याच आंदणात मुंबईचे बेटही त्याच्या पदरात पडले, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. ही दोन पथके १९६९ साली एकत्र करण्यात आली आणि ‘ब्लूज अँड रॉयल्स’ या नावाने ती राजसेवेत आहेत.

पण साम्य येथेच संपते. लाइफ गार्ड्समधला साधा शिपाईदेखील प्रारंभी खानदानी गृहस्थ असे. त्याची जागा ही प्रतिष्ठेची जागा होती आणि पुष्कळदा ती पैसे मोजून घेतली जाई. ही रीत मोडून त्या दळाची नव्याने बांधणी करण्यास इंग्रजांना १७८८ साल उजाडावे लागले. राजगडाच्या छायेत जी पागा उभी राहत होती, तिची कल्पना याच्या अगदी उलट टोकाची होती. तिच्यातला स्वार कुणब्याच्या घरचा होता, त्याच्या नावावर जमीनजुमला असेल वा नसेल, आणि त्याच्या मांडीखालचा घोडा त्याचा नव्हता, सरकारचा होता.

बारगीर आणि शिलेदार हा भेद आज केवळ शब्दकोशात उरला असला, तरी शिवकालीन लष्कराची गुरुकिल्ली त्यातच आहे. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येणारा. तो मानी, पदरी चार पैसे बाळगून असलेला, आणि रोजमुरा थकला तर दुसरा धनी शोधण्यास मोकळा. बारगीर म्हणजे ज्याला घोडा, चंदी-वैरण आणि हत्यार सरकारातून मिळते तो. कृष्णाजी अनंत सभासद याने १६९७ साली जिंजीस बसून जी बखर लिहिली, तीत महाराजांच्या पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुम्ल्यांचा एक हजारी, पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी, आणि सर्वांच्या वर सरनोबत. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. हवालदारास सालिना सव्वाशे होन, जुमलेदारास पाचशे, हजाऱ्यास एक हजार आणि पंचहजाऱ्यास दोन हजार होन असे रोख वेतन असे. गाव तोडून देण्याची रीत नव्हती. सभासदाने पागेचे पंचेचाळीस हजार आणि शिलेदारांचे साठ हजार असे आकडे दिले आहेत. ते कोणत्या वर्षास किती लागू पडतील हा विद्वानांचा प्रश्न आहे. मला महत्त्वाचे वाटते ते त्याने जाता जाता सांगितलेले दुसरेच मर्म. पागा प्रबळ राखावी आणि शिलेदारांना तिच्या हुकमाखाली ठेवावे, म्हणजे कोणास बंडावा करण्याची सोय उरत नाही, असा त्याचा आशय आहे. राज्यातील सर्वांत मोठे शस्त्र राज्याच्याच हाती असावे, हा राजनीतीचा सिद्धांत इतक्या उघडपणे दुसऱ्या कोणत्याही मराठी बखरकाराने मांडलेला माझ्या वाचनात नाही.

येथे आमच्या मावळाविषयी एक खुलासा करणे अवश्य आहे. गुंजण मावळ, हिरडस मावळ, कानद खोरे या डोंगराळ मुलखाने राज्याला दिले ते मुख्यतः पायदळ. कडे चढणारा, अंधारात वाट न चुकणारा मावळा हा येथला; घोडा मात्र देशावरचा, विशेषतः भीमेच्या आणि नीरेच्या काठचा. भीमथडीचे घोडे अंगाने लहान, दिसण्यात सामान्य, परंतु खडकाळ वाटेवर न अडखळणारे आणि थोड्या वैरणीवर दिवसचे दिवस मजल मारणारे. मोगली सरदारांचे थोराड घोडे जेथे धापा टाकीत थांबत, तेथून मराठी स्वाराची खरी दौड सुरू होई. खुद्द राजगडाच्या माच्यांवर शेकडो घोडी बांधण्याजोगी जागा आणि पाणी कोठून असणार? घोडदळ राही ते पायथ्याच्या आणि देशावरच्या छावण्यांत. पावसाळ्याचे चार महिने छावणीत काढून दसऱ्यास शिलंगण करून बाहेर पडावे, आठ महिने मुलूखगिरी करावी आणि वैशाखात परत फिरून आणलेल्या जिनसांचा सरकारास हिशेब द्यावा, असा त्याचा वर्षक्रम होता. लष्करात बटकी-कलावंतीण ठेवू नये, गाय धरू नये, बायकामुलांस हात लावू नये, अशी सक्त ताकीद असे.

या छावणीच्या आतले जीवन कसे होते हे दाखवणारा एक अस्सल कागद आपल्या सुदैवाने शिल्लक आहे. १६७३ च्या मे महिन्यात महाराजांनी चिपळूणकडील हलवर्णच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस लिहिलेले हे पत्र मराठीत प्रसिद्ध आहे, तथापि ते बहुधा रयतेवरील दयेचा दाखला म्हणून वाचले जाते. पागेच्या कारभाराचा कागद म्हणून ते वाचले तर त्यातली दृष्टी अधिकच थक्क करते. पावसाळ्यासाठी दाणा आणि गवत यांचा साठा मोठ्या मिनतवारीने केलेला आहे, तो आत्ताच मन मानेल तसा उधळला तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी पडतील, मरू लागतील, आणि मग ती घोडी तुम्हीच मारली असे होईल, हा पहिला मुद्दा. मग शिपाई कुणब्याच्या घरी जातील, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकडे, कोणी भाजी; आणि जो गरीब कुणबी आजवर जीव धरून राहिला तो म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरा. हा दुसरा. तिसऱ्या मुद्द्याशी येऊन मात्र वाचणारा थबकतो, कारण तेथे राज्याचा स्वामी गवताच्या गंजीपर्यंत खाली उतरला आहे: कोणी आगट्या पेटवील, कोणी भलत्याच जागी चूल मांडील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, वारा कोणत्या बाजूचा हे पाहणार नाही, रात्री दिवा तसाच ठेवून निजाल तर एखादा उंदीर जळती वात ओढून नेईल, गवतास आग लागेल, एक खण पेटला म्हणजे सारी लागलीच जाईल, आणि मग साऱ्या पागेवर प्रसंग ओढवेल. मिर्झा राजाशी तह करणारा, आग्र्याहून निसटून येणारा आणि वर्षभरात राज्याभिषेक करून घेणारा हा पुरुष दिव्याच्या वातीचा आणि उंदराचा विचार करतो, याचे कारण इतकेच की जळणारे गवत त्याचे होते, मरणारी घोडी त्याची होती आणि नाडली जाणारी रयतही त्याचीच होती. घोडा जर शिपायाचा असता तर असे पत्र लिहिण्याचे कोणाला कारणच पडले नसते.

नेतोजी पालकर, प्रतापराव गुजर, हंबीरराव मोहिते या सरनोबतांची नावे महाराष्ट्राला तोंडपाठ आहेत. १६७२ साली साल्हेरीस मोगली फौजेचा उघड्या मैदानात झालेला पराभव, २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापरावांनी दिलेले प्राण, १६८७ मध्ये वाईजवळ हंबीररावांना आलेले वीरमरण, हे सगळे प्रसंग त्याच पागेच्या चरित्रातील होत. पण १६८९ मध्ये संभाजीमहाराज औरंगजेबाच्या हाती पडले, राजगड गेला, खजिना गेला, राजाराममहाराज जिंजीस निघून गेले, आणि जी पागा रोख वेतनावर उभी होती तिच्या पायाखालची जमीनच सरकली. राज्य वाचवायचे तर माणसे हवीत, माणसांना द्यायला पैसा नाही. मग मुलूख द्यावयाचा, तोही पुष्कळदा शत्रूच्या ताब्यातील, ‘जिंकून घ्या आणि खा’ या अटीवर. या धोरणाला दूषण देणे सोपे आहे, पण त्या सत्तावीस वर्षांच्या युद्धात दुसरा मार्ग होता असे मला वाटत नाही. आमच्या या मुलखात शंकराजी नारायण सचिवांनी मावळे जमवून १६९२ साली राजगड परत घेतला आणि पुढे १६९७ पासून भोरच्या पंतसचिवांचे घराणे सुरू झाले, तेही याच काळाचे फळ होय. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या स्वारांनी बादशहाला सळो की पळो करून सोडले. परंतु त्या घोड्यांच्या पाठीवर आता सरदाराचा डाग होता, छत्रपतींचा नव्हता. वतने आणि इनामे देण्यातला धोका रामचंद्रपंत अमात्यांसारख्या अनुभवी मुत्सद्द्याने आज्ञापत्रात निक्षून सांगितला. पण तो सांगेपर्यंत गाडी पुष्कळ पुढे गेली होती.

शाहूमहाराजांच्या आणि पुढे पेशव्यांच्या काळात हुजुरात या नावाने जे दळ ओळखले जाई, ते या नव्या व्यवस्थेतील जुन्या तत्त्वाचा अवशेष होते. शिंदे, होळकर, पवार, गायकवाड, भोसले यांच्या फौजा सरंजामावर चालत. ठरलेल्या संख्येचे स्वार बाळगावे, बोलावणे आले की हजर व्हावे, आणि त्याबद्दल नेमून दिलेल्या मुलखाचा वसूल खावा. हुजुरात मात्र थेट हुजुरांच्या हुकमात असे. तीत खासगी पागा आणि तिचे बारगीर, हुजुरास चिकटलेली शिलेदारांची पथके, एकांडे आणि मानकरी अशी अनेक परींची माणसे असत, आणि जरीपटका चाले तो या मुख्य फौजेबरोबर. या पागेचे वैभव असे, की शिंद्यांच्या घराण्याचा मूळ कर्ता पुरुष राणोजी हा साताऱ्याकडील कण्हेरखेडचा असामी पेशव्यांच्या पागेत बारगीर म्हणून चाकरीस राहिला होता. ज्या घराण्याने पुढे दिल्लीच्या बादशहास पंखाखाली घेतले, त्याचा पहिला घोडा हुजुरातीतला, सरकारी होता.

पुण्याच्या वसाहतीवरही पागेने आपला ठसा उमटवला. पेशव्यांच्या घोडदळाचे नामांकित सरदार आनंदराव लक्ष्मण रास्ते यांनी वसवलेली शिवपुरी पेठ आज रास्ता पेठ म्हणून ओळखली जाते. आणि पेशव्यांची हुजूर पागा जेथे होती, त्या जागेवर १८८४ साली रानडे, भांडारकर, मोडक प्रभृती सुधारकांच्या पुढाकाराने मुलींचे विद्यालय सुरू झाले. महाराष्ट्रातील किती तरी सुशिक्षित कुटुंबांतील आज्या-पणज्या ‘हुजूरपागेत’ शिकल्या, आणि ठाणांची ती जागा सरस्वतीच्या उपासनेस मिळाली, याचा आनंद कोणास होणार नाही!

घोड्यांचे ते ठाण कसे असे, हे डोळ्यांपुढे आणून पाहावे. अगाडी-पिछाडीच्या दोऱ्यांनी रांगेत बांधलेली जनावरे, पहाटे मोतद्दारांनी चालवलेला खरारा, तोंडाला अडकवलेल्या तोबऱ्यात भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी, नालबंदाच्या ऐरणीचा आवाज. गणतीच्या दिवशी पागेचा कारकून दप्तर घेऊन बसे, आणि एकेक घोडा त्याच्या पुढून नेला जाई: रंग कुमाईत की अबलख की सब्जा, कपाळावर चांद आहे की नाही, चारी पाय पांढरे आहेत काय, भोवरा कोठे, डाग कोणता, जखमेचा व्रण कोणत्या अंगास, स्वाराचाही चेहरा, म्हणजे त्याच्या वर्णाची आणि खुणांची नोंद, याच कागदावर असे. हा सारा खटाटोप कशासाठी? तर एकाच घोड्याने दोन पथकांच्या गणतीत उभे राहू नये यासाठी. राज्य जसजसे पसरले तसतशी ही लबाडी वाढत गेली. हजार स्वारांचा सरंजाम खाणारा सरदार प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमी घेऊन येई आणि गणतीच्या वेळी शेजारच्या पथकातील तट्टे उसनी आणून आकडा भरून काढी. थोरल्या माधवरावांसारखा करडा धनी असे तोवर या गोष्टींना लगाम राही. तो गेला की लगाम सैल पडे.

यापेक्षाही खोल असा दोष होता, आणि तो त्या काळच्या युरोपीय निरीक्षकांच्याही दृष्टीस पडला होता. शिलेदाराचा घोडा हीच त्याची मिळकत. लढाईत घोडा ठार झाला तर भरपाई मिळेलच असा भरवसा नाही, आणि घोडा गेला की चाकरी गेली, चाकरी गेली की घरची चूल विझली. असा माणूस भित्रा नसतो, पण तोफेच्या तोंडावर घोडा घालताना त्याचा हात क्षणभर थबकला तर त्याला दोष कसा द्यावा? बारगिराला ही चिंता नव्हती. म्हणूनच निकराच्या हल्ल्याचा प्रसंग आला की तो भार पुष्कळदा हुजुरातीवर येई. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर हेच झाले. डाव्या बगलेस इब्राहिमखानाचे गारदी, उजवीकडे शिंदे-होळकर, आणि मध्यभागी भाऊसाहेब व विश्वासराव यांसह हुजुरात. त्याआधी अडीच महिने फौज पानिपताच्या छावणीत अडकून पडलेली, गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यापासून रसद तुटलेली, घोड्यांना धड गवत नाही, माणसांना धड अन्न नाही. अशा उपाशी जनावरांवर बसून हुजुरातीने अब्दालीच्या वजिराच्या मध्यफळीवर जी घोडी घातली, ती फळी तिने फोडली. शहावलीखान वजीर घोड्यावरून उतरून पळणाऱ्या आपल्या माणसांना परत फिरवण्यासाठी विनवीत होता, असे प्रत्यक्ष पाहणाऱ्या काशीराज पंडिताने नमूद केले आहे. पुढे अब्दालीची राखीव फौज आली, विश्वासरावांना गोळी लागली, आणि काय घडले ते सांगण्याचे कारण नाही. मला इतकेच म्हणावयाचे आहे की त्या दिवशीच्या मध्यान्हीचा तो हल्ला हा हुजुरातीच्या इतिहासाचा कळस होता आणि तिच्या नाशाचाही प्रारंभ होता. इतके कसलेले बारगीर आणि इतकी सरकारी घोडी एका दिवसात गमावल्यावर ती उणीव पुरतेपणी भरून निघाली असे दिसत नाही.

तरीही राक्षसभुवन (१० ऑगस्ट १७६३) आणि खर्डा (११ मार्च १७९५) या दोन प्रसंगी निजामाला नमवताना हुजुरात रणात होती. खर्ड्यास तिचे आधिपत्य हरिपंत फडक्यांचे चिरंजीव बाबा फडके यांच्याकडे होते. पण खर्ड्याच्या रणांगणावर नजर टाकली तर पेशव्यांच्या स्वतःच्या फौजेहून दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी अधिक डोळ्यांत भरतात. धन्याचे सैन्य चाकराच्या सैन्याहून दुबळे झाले म्हणजे काय होते, हे कळण्यास सात वर्षे पुरली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसराजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या. दुसरा बाजीराव पळून वसईस गेला आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह केला. १८०३ च्या एप्रिलमध्ये पुणे जाळले जाईल अशी आवई उठली, तेव्हा बारामतीकडून रात्रंदिवस घोडी पिटाळीत शहर वाचवण्यास आला तो आर्थर वेलस्ली, इंग्रजांचे घोडदळ घेऊन. पेशव्यांच्या राजधानीचे रक्षण परक्याच्या घोड्यांनी करावे, असा प्रसंग पुण्यावर आला होता. हाच वेलस्ली त्याच साली असईस मराठ्यांशी लढला, आणि पुढे १८१३ मध्ये, वर उल्लेखिलेल्या लंडनच्या ‘रॉयल हॉर्स गार्ड्स’चा कर्नल झाला.

यानंतरच्या पंधरा वर्षांची कहाणी थोडक्यात सांगितलेली बरी. वसईच्या तहाने पेशव्याने इंग्रजांच्या मदतीस पाच हजार घोडदळ आणि तीन हजार पायदळ द्यावे असे ठरले होते. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने ही अट फिरवली: फौज पेशव्याने ठेवू नये, तिचा खर्च भागेल असा चौतीस लक्षांच्या उत्पन्नाचा मुलूख कंपनीस तोडून द्यावा, फौज कंपनी उभी करील. कागदावर हा केवळ हिशेबाचा फेरफार होता. परंतु राजगडावर जी गोष्ट स्वराज्याच्या हाती ठेवण्यासाठी एवढी दक्षता बाळगली गेली, ती म्हणजे घोड्यावरील मालकी, ती या एका कलमाने मराठी मुलखाच्याच पैशावर परक्याच्या हाती गेली. तह होऊन महिना उलटला न उलटला तोच, १५ जुलै १८१७ रोजी, त्या रकमेवर नवा रिसाला उभा राहिला. त्याचे नाव पूना ऑक्झिलिअरी हॉर्स, आजचे पूना हॉर्स. पुढच्या १ जानेवारीस कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या फौजेपुढे कंपनीची जी तुकडी ठाकली, तीत या नव्या रिसाल्याचेही अडीचशे-तीनशे स्वार होते.

हुजुरातीचा शेवट लाजिरवाणा झाला नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या आज्ञेने मराठी घोडदळाने गणेशखिंडीच्या बाजूने जो हल्ला चढवला, तो इंग्रजांच्या रांगेपुढील दलदलीच्या ओढ्यात रुतला; पुढची घोडी चिखलात फसली, मागची त्यांवर कोसळली. जरीपटका वाहणारे मोरो दीक्षित मराठे तेथे पडले. १८१८ च्या फेब्रुवारीत पंढरपुराजवळ आष्टी येथे बाजीरावास निसटून जाण्यास अवसर मिळावा म्हणून बापू गोखले निवडक स्वारांनिशी जनरल स्मिथच्या फौजेवर तुटून पडले आणि तरवारीच्या घावांनी रणात कोसळले. ज्याच्यासाठी ते पडले तो धनी त्या मोलाचा होता की नव्हता, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. पण चाकरीचा अर्थ त्यांनी जाणला होता. त्याच लढाईनंतर प्रतापसिंह छत्रपती इंग्रजांच्या स्वाधीन झाले, आणि २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्यांना साताऱ्याचे राज्य देताना, कंपनीच्या संमतीवाचून सैन्य वाढवू नये, अशी अट घातली गेली. शिवछत्रपतींच्या वंशजाच्या पागेत किती घोडी बांधावी हे रेसिडेंटाने पाहावयाचे, अशी स्थिती झाली.

पूना हॉर्सचा पुढील इतिहास मोठा आहे. ८ फेब्रुवारी १८५७ रोजी इराणात खुशाब येथे मुंबई इलाख्याच्या स्वारांनी इराणी पायदळाचा चौकोन फोडला आणि चांदीचा पंजा असलेले निशाण हस्तगत केले. ते या पथकाचे मानचिन्ह झाले. भरतीत पुढे राजपुतांचे प्राबल्य वाढत गेले, नाव मात्र पुण्याचेच राहिले. घोडे जाऊन रणगाडे आले. १९६५ च्या सप्टेंबरात सियालकोटच्या रणक्षेत्रात लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पुण्यात जन्मलेला एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, या दोघांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले ते याच पथकातून. जे दळ मराठी स्वातंत्र्याच्या अखेरीस आणि त्या स्वातंत्र्याच्या विरुद्ध जन्मले, ते स्वतंत्र भारताच्या सर्वाधिक मानाच्या पथकांत गणले जाते. इतिहासाच्या अशा वळणापुढे कोणाचा राग टिकावा?

परंतु या पथकाच्या अंतर्व्यवस्थेतील एक गोष्ट आमच्या विषयाशी अगदी निगडित आहे. इंग्रजांनी हिंदुस्थानातील आपले बहुतेक देशी रिसाले शिलेदारी पद्धतीवरच चालवले. स्वाराने भरतीच्या वेळी घोड्याची रक्कम भरावी किंवा घोडा आणावा, हत्यारावाचून बाकीचे साहित्य स्वतः पाहावे, आणि सरकारने त्याला जास्त पगार द्यावा. दुसऱ्याच्या घोड्यावर बसणाऱ्यास त्या रिसाल्यांतही बारगीरच म्हणत. सरकारचा खर्च वाचे, कुलीन घरचा सुखवस्तू तरुण भरतीस येई, आणि शांततेच्या काळात सगळे सुरळीत चाले. १९१४ साली महायुद्ध पेटले, पूना हॉर्सचे स्वार फ्रान्सच्या चिखलात उतरले, माणसे आणि घोडी सारखीच मरू लागली, आणि मागून येणाऱ्या नव्या रंगरुटाजवळ ना घोडा, ना घोड्यासाठी पैसा, असा पेच उभा राहिला. शिलेदारीचा तो डोलारा युद्धाच्या ताणाखाली कोसळला. १९२१ साली घोडदळाची फेररचना करून तेहतिसावा रिसाला आणि चौतिसावा, म्हणजेच पूना हॉर्स, हे एकत्र करण्यात आले, त्यांतून सतरावे पूना हॉर्स बनले, आणि त्या फेररचनेत शिलेदारी पद्धत कायमची रद्द झाली. तेव्हापासून त्या पथकातल्या प्रत्येक स्वाराला घोडा, खोगीर आणि चंदी सरकारातून मिळू लागली, जशी अडीचशे वर्षांपूर्वी हलवर्णच्या छावणीतील बारगिरांना मिळत होती.